इम्प्लांट बसवले, आता ऐकायला शिकवणार कोण?

महाराष्ट्रातील कॉक्लिअर इम्प्लांट केंद्रांचे प्रमुख, कान-नाक-घसा शल्यविशारद आणि ऑडिओलॉजिस्ट यांस,



कॉक्लिअर इम्प्लांटने पूर्वीचे ऐकणे परत मिळत नाही. ते श्रवणाच्या नसेला विजेची सूक्ष्म स्पंदने देते आणि त्या स्पंदनांतून पुन्हा शब्द ओळखायला मेंदूला शिकावे लागते. शस्त्रक्रिया दोन-तीन तासांत आटोपते. हे शिकणे सहा महिने, वर्षभर, कधी त्याहूनही जास्त चालते. जन्मतः बहिऱ्या मुलांच्या बाबतीत ही गोष्ट आता सर्वांना पटली आहे. मुलाला इम्प्लांट बसवले की थेरपी ओघाने येते, आईला शेजारी बसवून शिकवले जाते. पण ज्यांनी तीस-चाळीस वर्षे ऐकले, बोलले, नोकरी केली, संसार केला आणि मग ज्यांचे कान गेले, त्या प्रौढांच्या हातात अनेक केंद्रांतून मशीन, वॉरंटी कार्ड आणि पुढच्या मॅपिंगची, म्हणजे यंत्राच्या जुळणीची, तारीख एवढेच पडते. पुढचे शिकणे त्यांनी आपापले करायचे असते. हे पत्र त्यांच्या वतीने लिहिले आहे.

हे प्रौढ कोण असतात, ते आधी पाहायला हवे. कुणाचे ऐकणे घराण्यातल्या दोषामुळे तिशीपासून हळूहळू उतरत जाते. कुणाला मेंदुज्वर होतो. ताप उतरतो तेव्हा दोन्ही कान गेलेले असतात. आणखी एक वर्ग आहे ज्याच्याबद्दल फारसे बोलले जात नाही: औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर कॅनामायसिनसारखी इंजेक्शने घेतलेले रुग्ण. त्या औषधांनी जंतू मारले, पण काहींच्या आतल्या कानातल्या पेशीही मारल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कॅनामायसिन बाजूला ठेवायला सांगितले आणि गोळ्यांच्या उपचारांवर भर आला. त्याआधी ज्यांचे कान गेले ते रुग्ण मात्र आजही आपल्यात आहेत, आणि त्यांतले बरेचसे कमावत्या वयाचे आहेत. या सगळ्यांच्या डोक्यात भाषा शाबूत असते. शब्द, व्याकरण, माणसांचे आवाज, सगळे आठवत असते. शिकण्यासाठी यापेक्षा मोठे भांडवल नाही, आणि वेळेत वापरले नाही तर ते झिजत जाते.

म्हणून पहिली तक्रार उशिराची आहे. श्रवणयंत्राचा उपयोग संपलेला असतानाही रुग्ण वर्षानुवर्षे एकामागून एक जास्त ताकदीची यंत्रे घेत राहतो. आवाज मोठा होतो, शब्द मात्र कळत नाही. शांततेची वर्षे जितकी वाढतील तितका इम्प्लांटचा लाभ घटण्याची शक्यता वाढते, हे आपल्या शास्त्रात प्रस्थापित आहे. मेंदुज्वरानंतर तर कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानातल्या नळीत, हाड भरू लागते आणि काही आठवड्यांचा विलंबसुद्धा महागात पडू शकतो. उशीर झाला की इलेक्ट्रोड आत सरकवणेच अवघड होते. ब्रिटनने २०१९ मध्ये इम्प्लांटच्या तपासणीचा उंबरठा खाली आणला: श्रवणयंत्राशिवाय दोन किंवा अधिक वारंवारतांना ८० डेसिबलपेक्षा मोठे आवाजच ऐकू येत असतील, तर त्या व्यक्तीचा विचार व्हावा. आपल्याकडे श्रवणयंत्र विकणाऱ्या दुकानापासून तालुक्याच्या कान-नाक-घसा डॉक्टरांपर्यंत असा एक साधा, सर्वांना माहीत असलेला नियम हवा. तो तयार करून पोचवणे केंद्रांनाच शक्य आहे.

शिकावे का लागते, हे यंत्राच्या रचनेतून कळते. कॉक्लिया म्हणजे आतल्या कानातली सुमारे अडीच वेढ्यांची नळी. उलगडली तर साधारण ३५ मिलिमीटर. तिच्या तोंडापाशी बारीक, उंच आवाज नोंदले जातात आणि टोकाकडे खर्जाचे. हे काम सुमारे ३,५०० आतल्या आणि १२,००० च्या आसपास बाहेरच्या केशपेशी करतात, आणि त्यांचा निरोप सुमारे ३०,००० तंतूंची नस मेंदूकडे नेते. केशपेशी मेल्या तरी नसेचे बरेच तंतू उरतात, त्यांच्यावरच इम्प्लांट उभे आहे. कानामागच्या प्रोसेसरमधला मायक्रोफोन आवाज घेतो, प्रोसेसर त्याचे पट्टे पाडतो, चुंबकाने डोक्याला चिकटलेली कॉइल तो संदेश त्वचेपलीकडच्या रिसिव्हरला देते, आणि तिथून तो कॉक्लियातल्या इलेक्ट्रोडवर पोचतो. हे इलेक्ट्रोड कंपनीनुसार १२, १६ किंवा २२ असतात. हजारो पेशींचे काम फार तर बावीस ठिकाणांहून, तेही आजूबाजूच्या द्रवात वीज पसरत असताना करायचे.

त्यामुळे काही गोष्टी नीट पोचतात आणि काही पोचत नाहीत. आवाजाचा चढ-उतार, त्याची लय, तो कुठे सुरू झाला आणि कुठे तुटला, हे चांगले पोचते. स्वराची बारीक उंची पोचत नाही. तबल्याचा ठेका कळतो, पण गाणारा कोणत्या सुरावर आहे ते कळत नाही. आयुष्यभर भजन-नाट्यगीते ऐकलेल्या माणसाला हे फार लागते. दुसरी अडचण जागेची. इलेक्ट्रोड बहुधा कॉक्लियाच्या अगदी टोकापर्यंत जात नाही. साहजिकच जो खर्जाचा आवाज मेंदू आयुष्यभर टोकाकडून घेत आला, तो आता अलीकडच्या जागेतून येतो, आणि मेंदू त्याला उंच समजतो. पहिल्या दिवशी भारदस्त आवाजाचा भाऊ चिरक्या आवाजात बोलतोसे वाटते, ते यामुळे. काही आठवड्यांत, महिन्यांत मेंदू हा नवा नकाशा मानू लागतो. पण त्यासाठी रोज, जागेपणाचे जवळजवळ सगळे तास मशीन डोक्यावर असावे लागते.

हे रुग्णाला आधी सांगितले जाते का? अनेकदा नाही, आणि ही दुसरी तक्रार आहे. शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन-चार आठवड्यांनी स्विच ऑन होते. ऑडिओलॉजिस्ट प्रोसेसर संगणकाला जोडतात आणि एकेका इलेक्ट्रोडवर बीप देतात. रुग्णापुढे एक तक्ता असतो: अगदी हळू, हळू, ठीक, मोठा, फार मोठा. तो बोट ठेवत जातो. सर्वांत मंद जाणवणारी पातळी आणि सोसवेल इतकी मोठी पातळी, या दोहोंमध्ये सगळा आवाज बसवायचा असतो. मग माइक सुरू होतो आणि कुणीतरी त्याचे नाव घेते. त्याला नाव ऐकू येत नाही. शिट्ट्या, टिकटिक, पत्र्यावर पडल्यासारखे काहीतरी ऐकू येते, आणि समोरच्याचे ओठ हलताना दिसतात. घरच्यांनी मोबाइलवर स्विच ऑनचे व्हिडिओ पाहिलेले असतात, ज्यांत माणूस पहिल्याच क्षणी आनंदाने रडतो. इथे तसे काही होत नाही. घरी परतताना गाडीत सगळे गप्प असतात. लाखो रुपये वाया गेले, हा विचार त्याच दिवशी घरात शिरतो आणि काही घरांत काही महिन्यांनी मशीन कपाटात जाते.

ही निराशा टाळता येण्याजोगी आहे. शस्त्रक्रियेपूर्वी, घरच्यांना समोर बसवून, मराठीत आणि लेखी स्वरूपात रुग्णाला सांगावे की पहिल्या दिवशी भाषा कळणार नाही. सुधारणा सर्वाधिक पहिल्या तीन ते सहा महिन्यांत दिसते आणि पुढे संथपणे चालू राहते. बहिरेपणाची वर्षे, त्याचे कारण आणि नसेची अवस्था यांवर निकाल ठरतो. कानात उरलेसुरले नैसर्गिक ऐकणे शस्त्रक्रियेत जाऊ शकते. गोंगाटात त्रास राहील आणि एकाच कानाला इम्प्लांट असेल तर आवाज कुठून आला ते कळणे कठीण जाईल. त्याच वेळी आधी इम्प्लांट झालेल्या, त्याच वयाच्या एखाद्या व्यक्तीशी भेट घालून द्यावी. यासाठी नवे यंत्र लागत नाही, फक्त एक दुपार द्यावी लागते.

आता मुख्य तक्रार, शिकवण्याची. श्रवण-प्रशिक्षणाच्या चार पायऱ्या आपण सर्व जाणता. नॉर्मन अर्बर यांनी त्या मांडल्या आणि त्या जगभर वापरल्या जातात. आवाज आहे की नाही हे कळणे, दोन आवाज वेगळे आहेत हे कळणे, कोणता आवाज ते ओळखणे, आणि शेवटी अर्थ लागणे. मुलांना या पायऱ्यांवरून हाताला धरून नेले जाते. प्रौढांना मात्र ‘टीव्ही पाहा, लोकांशी बोला, सवय होईल’ असा सल्ला मिळतो. टीव्हीवरच्या चर्चेत चार जण एकदम बोलतात. ती चौथ्या पायरीच्याही पुढची गोष्ट आहे. नव्या कानाला थेट तिथे नेले तर तो हरणारच.

ज्यांना व्यायाम मिळतात, त्यांतल्या अनेकांना ते इंग्रजी ॲपमधून किंवा इंग्रजी यादीच्या कच्च्या भाषांतरातून मिळतात. मराठी ऐकायला शिकणाऱ्याला ते पुरत नाहीत. श्वास आणि घोष यांवर ठरणारे फरक, म्हणजे पळ-फळ, बाजी-भाजी, गर-घर, हे बरेचसे काळाच्या मोजमापात असतात आणि इम्प्लांटमधून त्या मानाने लवकर हाती लागतात. जीभ कुठे टेकली यावर ठरणारे फरक कठीण: ताक-टाक, मन-मण, काल-काळ, वेल-वेळ, साल-शाल. ओठ पाहून जमेल म्हणावे तर पाय, बाय आणि माय ओठांवर सारखेच दिसतात, आणि गाय-काय तर घशाच्या बाजूला होत असल्याने दिसतच नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मराठी शब्दाचा शेवट. आला, आली, आले, आलो यांत कोण आले ते शेवटच्या एका स्वरावर ठरते. घरात, घराला, घराने. जातो, जाते, जातोस. बोलण्याच्या ओघात हे शेवट दबके असतात आणि नेमके तेच निसटतात. रुग्णाला ‘डॉक्टर उद्या’ एवढे कळते. येणार की येणार नाहीत, ते राहून जाते. इंग्रजी यादीत या शेवटांचा सराव असूच शकत नाही.

घरी होणारा चांगला सराव कसा दिसतो, ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. संध्याकाळी पंखा बंद, कुकर उतरवलेला, टीव्ही बंद. रुग्णाची पत्नी त्याच्या इम्प्लांटच्या बाजूला, दोन हातांवर बसते. दुसऱ्या कानात थोडे ऐकणे उरले असेल तर तो बोळ्याने बंद केलेला. तोंडासमोर ती एक कागद थोडा लांब धरते, म्हणजे ओठ दिसत नाहीत आणि आवाजही दबत नाही. टेबलावर तीन वाक्ये लिहिलेली: ‘डाळ संपली आहे’, ‘उद्या लाइट जाणार आहे’, ‘मावशीचा फोन आला होता’. तिन्हींची लांबी वेगळी. ती नेहमीच्या आवाजात, ओरडून नाही, एक वाचते. तो बोट ठेवतो. चुकले तर ती पुन्हा म्हणते. मग तो लिहिलेले वाचतो आणि ती तिसऱ्यांदा म्हणते, म्हणजे दिसणारा शब्द आणि येणारा आवाज यांची गाठ बसते. तीन वाक्ये जमली की पाच, मग सारख्या लांबीची पाच, मग फक्त विषय सांगून न लिहिलेली, मग शेजारी रेडिओ हळू लावून. पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून दोनदा. कान दमतो, त्याहून मेंदू दमतो. अर्ध्या तासापुढे चुका वाढत जातात आणि घरात चिडचिड सुरू होते. त्यापुढे आकाशवाणीच्या मराठी बातम्या, आणि छापील पुस्तक समोर धरून त्याचेच ध्वनिमुद्रण. फोन सर्वांत शेवटी, तोही आधी ठरलेल्या विषयावर आणि ओळखीच्या माणसाशी.

हे सगळे एका घराला कुणीतरी दाखवावे लागते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत थेरपिस्टने आठवड्यातून एकदा तासभर दिला आणि घरच्या माणसाला समोर बसवून शिकवले, तर बाकीचे घर करते. मागणी तीन गोष्टींची आहे. प्रौढांसाठी पायऱ्यापायऱ्यांनी लावलेली मराठी सराव-पुस्तिका आणि तिचे स्त्री, पुरुष व मूल अशा वेगवेगळ्या आवाजांतले ध्वनिमुद्रण. इम्प्लांटच्या खर्चातच धरलेली थेरपीची ठरावीक सत्रे. आणि केंद्रात महिन्यातून एकदा प्रौढ इम्प्लांटधारकांची बैठक. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून महाराष्ट्रात आहे. मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत जाणकार शिक्षक आहेत, आणि मराठीच्या ध्वनींचा अभ्यास केलेले भाषातज्ज्ञही विद्यापीठांत आहेत. त्यांना एका टेबलाशी बसवणारे कुणी हवे. वऱ्हाडी, कोकणी वळणाची, मालवणी, अहिराणी बोलणाऱ्या घरांतले शब्दही त्या पुस्तिकेत यावेत. कान ज्या बोलीत वाढला, त्याच बोलीत तो लवकर शिकेल.

मॅपिंगबद्दल थोडक्यात. नस वीज कशी स्वीकारते ते पहिल्या वर्षात बदलत राहते, म्हणून मॅप पुन्हा पुन्हा बसवावा लागतो. सत्र घाईचे असले की रुग्ण ‘ठीक आहे’ म्हणून मोकळा होतो, कारण काय विचारायचे तेच त्याला ठाऊक नसते. लिंग या तज्ज्ञांचे तपासणीसाठीचे सहा ध्वनी, म्हणजे म, ऊ, आ, ई, श, स, प्रत्येक घराला शिकवावेत. रोज सकाळी पाठीमागून हे सहा म्हणून पाहिले की कोणत्या पट्टीत बिघाड आहे ते अर्ध्या मिनिटात कळते. ‘स’ येत नाही असे सांगणारा रुग्ण ऑडिओलॉजिस्टचा वेळ वाचवतो. सिंधुदुर्ग किंवा गडचिरोलीहून एका मॅपिंगसाठी दोन दिवसांची मजुरी बुडवून येणाऱ्यांसाठी दूरस्थ मॅपिंगची सोय जिल्हा रुग्णालयातून व्हावी. तंत्र उपलब्ध आहे.

खर्चाचे खरे चित्रही आधीच द्यावे. शस्त्रक्रियेचा आकडा सांगितला जातो. त्यानंतर आयुष्यभर लागणाऱ्या बॅटऱ्या, तुटणारी कॉइलची वायर, वॉरंटी संपल्यावरची दुरुस्ती आणि काही वर्षांनी नवा प्रोसेसर, हे सांगितले जात नाही. कोकणातल्या पावसाळ्यात आणि विदर्भातल्या उन्हाळ्याच्या घामात प्रोसेसर दमट होतो. त्याला रोज रात्री ड्राय बॉक्समध्ये ठेवायचे असते आणि आतले सिलिका जेल वेळेवर बदलायचे असते. वायर तुटली आणि नवी यायला पंधरा दिवस लागले, तर ते पंधरा दिवस माणूस पूर्ण बहिरा असतो. एक जादा वायर आणि उसने देण्यासाठी एक प्रोसेसर केंद्राकडे असावा, ही मागणी मोठी नाही. रुग्णाच्या पाकिटात मराठी-इंग्रजी कार्डही हवे: आत चुंबक आहे, एमआरआयपूर्वी केंद्राला विचारावे, डोक्याच्या व मानेच्या शस्त्रक्रियेत मोनोपोलर कॉटरी वापरू नये, न्यूमोकोकल लस झाली आहे की नाही.

शेवटी शासनाचा प्रश्न. मदतीत मागे राहिलेल्या प्रौढांनीच या तंत्राचा इतिहास घडवला आहे. २५ फेब्रुवारी १९५७ रोजी पॅरिसमध्ये जूर्नो आणि एरियेस यांनी ज्याच्या श्रवण-नसेला प्रथम असे विद्युत उत्तेजन दिले, तो प्रौढ रुग्ण होता. १ ऑगस्ट १९७८ रोजी मेलबर्नमध्ये ग्रॅम क्लार्क यांनी ज्यांच्या कानात अनेक इलेक्ट्रोडचे इम्प्लांट बसवले, ते रॉड सॉन्डर्स अपघातात ऐकणे गमावलेले प्रौढ गृहस्थ होते. महिनोन्महिने खुर्चीत बसून, काय ऐकू येते ते शब्दांत सांगून अशा लोकांनी संशोधकांना वाट दाखवली. अमेरिकेत आधी, १९८४-८५ मध्ये, प्रौढांसाठी मान्यता मिळाली; मुलांसाठी १९९० मध्ये. आपल्याकडे सार्वजनिक मदत मुलांपासून सुरू झाली आणि ते योग्यच होते, कारण लहान वयातला एक-एक महिना भाषेसाठी मोलाचा असतो. केंद्र सरकारच्या, दिव्यांगांना साधने देणाऱ्या एडिप योजनेत २०१४ पासून वर्षाला ५०० मुलांसाठी प्रत्येकी ६ लाख रुपयांपर्यंतची तरतूद आली. प्रौढ मात्र त्या योजनेच्या बाहेर राहिला. बहुधा तो कर्ज काढतो, शेत विकतो किंवा गप्प बसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे २७ वे कलम पुनर्वसनाची जबाबदारी सर्व दिव्यांगांच्या बाबतीत शासनावर टाकते. त्यात वयाची अट नाही. क्षयरोगाच्या सरकारी उपचारात ज्यांचे कान गेले, त्यांच्या बाबतीत तर ही जबाबदारी दुप्पट आहे. हे मंत्रालयात ठामपणे मांडायला रुग्णाचा आवाज पुरत नाही. आपला पुरेल.

३ मार्च हा जागतिक श्रवण दिन. त्या दिवशी केंद्रांत व्याख्याने होतात, मुलांचे कार्यक्रम होतात. येत्या ३ मार्चपर्यंत महाराष्ट्रातल्या केंद्रांनी मिळून प्रौढांसाठी एक मराठी सराव-पुस्तिका आणि तिचे ध्वनिमुद्रण विनामूल्य उपलब्ध करावे, आणि ज्यांनी मशीन कपाटात ठेवले आहे त्यांना एकेक फोन किंवा संदेश करून परत बोलवावे, ही विनंती.



आपल्या केंद्रांत येणाऱ्या प्रौढ इम्प्लांटधारकांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या वतीने,
एक नागरिक